एका मोफत घड्याळाच्या मानकऱ्यास

चि. भाचेसाहेब यांस,



पत्र खुलं लिहितो आहे, कारण तुझी लिंकही सगळ्यांसाठी खुलीच होती. आप्पाकाका गेल्यावर घरच्यांनी 'आप्पा – तेरावा' असा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. गुरुजींना कोण आणणार, पाण्याचे जार कोण सांगणार, एवढंच त्यावर चालायचं. त्यात कुणाच्या तरी 'भावपूर्ण श्रद्धांजली'खाली तुझा संदेश अवतरला : 'स्मार्टवॉच फ्री!! फक्त ५ जण हवेत. मी स्वतः वापरतोय, एकदम जेन्युइन. माझ्याच लिंकवरून करा प्लीज.' शेवटी तीन फुगे आणि एक केक. हात जोडणाऱ्या चित्रांची रांग क्षणभर थबकली आणि पुन्हा सुरू झाली. आपल्या नातेवाइकांच्या सभ्यतेला खरोखर तोड नाही.

उद्गारचिन्हं, रात्री साडेअकराला आलेलं 'मामा झालं का?' आणि केक, हे तिन्ही गुन्हे मी माफ करतो.

तू फोनवर म्हणालास, 'मामा, कंपनी देते ना! आपल्या खिशातून काय जातं?' तर या कलियुगातल्या कर्णाचा हिशेब मांडू. तुझी 'फ्री गिफ्ट'वाली कंपनी घड्याळं बनवत नाही. ती दलाल आहे. तिच्यामागे गिऱ्हाईक शोधणारे उभे असतात : क्रेडिट कार्डवाले, विमावाले, ओटीटीवाले, कर्ज देणारी अ‍ॅप्स. माणूस नुसती जाहिरात बघून गेला, तर ते छदाम देत नाहीत. त्याने पॅन दिला, ओटीपी टाकला, पहिला व्यवहार केला, की त्या डोक्यामागे ठरलेली रक्कम दलालाच्या खात्यात पडते. तुझ्या लिंकच्या शेपटाला अक्षरं-आकड्यांचा जो गुंता लटकतो, तो कुठलं डोकं कुणाच्या दावणीचं, हे ओळखण्यासाठीच. समजा, डोक्यामागे पाचशे रुपये. तू एक आणि तुझे पाच, झाले तीन हजार. घड्याळ घाऊकीत पडलं हजार-बाराशेला. उरलेले दलालाचे. आता समज, पाचाऐवजी तुझे तीनच पुरे झाले. म्हणजे चार डोक्यांचे दोन हजार आले आणि घड्याळ द्यावंच लागलं नाही! ज्यांना घड्याळ मिळतं ते जाहिरातीच्या कामाचे. नफा तिसऱ्या-चौथ्या माणसापाशी अडकलेल्यांचा.

ही युक्ती तुझ्या कंपनीला सुचली असेल, असं समजू नकोस. २००४ साली अमेरिकेत ग्रॅटिस इंटरनेट नावाच्या कंपनीने 'फ्रीआयपॉड्स डॉट कॉम' चालवलं. एक ऑफर स्वतः पुरी करा, पाच मित्रांना करायला लावा, आयपॉड घ्या. तेव्हा वीस जीबीचा आयपॉड २९९ डॉलरला होता, आणि लोकांच्या घरी तो खरोखर पोचत होता. पण २००६मध्ये न्यूयॉर्कचे महाधिवक्ते एलियट स्पिट्झर यांनी या कंपनीवर खटला भरला. माहिती कुणाला देणार नाही असं वचन देऊन लाखो लोकांचे ई-मेल पत्ते विकले, असा आरोप होता. २००८मध्ये व्हॅल्यूक्लिक या दुसऱ्या कंपनीने तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनशी २९ लाख डॉलर भरून तडजोड केली. 'फुकट' भेटीसाठी आधी खिशातले पैसे घालून ऑफरी पुऱ्या कराव्या लागतात, हे ती धड सांगत नाही, हा त्यातला एक आक्षेप. हे सगळं घडून गेलं, तेव्हा तू पाटीवर अ-आ गिरवत होतास.

तुझ्या बाजूचंही एक सांगतो. हा पिरॅमिड नव्हे. आपल्याकडच्या १९७८च्या कायद्याने बंदी घातलेल्या योजनांत नव्यांचे पैसे जुन्यांच्या खिशात जातात, इथे पैसे जाहिरातदाराचे असतात. माणसं मात्र त्याच गणिताने लागतात. तुझे पाच, त्यांचे पंचवीस, त्यांचे सव्वाशे. प्रत्येकाला घड्याळ हवं असेल तर तेराव्या थराला १२२ कोटी माणसं लागतात. आधीचे थर धरले तर १५२ कोटींहून जास्त. म्हणजे अख्खा भारत पुरत नाही. तेराव्याच्याच ग्रुपवर लिंक टाकलीस, एवढा एक योग मात्र छान जुळला.

आपल्याकडेही नियम आहेत बरं का. जून २०२२मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वं काढली. ग्राहकाला प्रतिसादाचा आणि घरपोच आणण्याचा अटळ खर्च सोडून आणखी काही मोजावं लागत असेल, तर त्या वस्तूला 'फ्री' म्हणायचं नाही, असं त्यांत आहे. एखाद्या वस्तूची शिफारस करणाऱ्याने त्यात आपला लाभ असेल तर तो उघड सांगावा, हेही त्यांतच आहे. आता तुझा संदेश पुन्हा वाच. 'मी स्वतः वापरतोय.' काय वापरत होतास? घड्याळ तर अजून यायचं होतं.

आणि इथे माझं खरं दुखणं सुरू होतं. वर्षभर तुझा फोन नव्हता, तो त्या आठवड्यात आला. 'मामा, तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतोय?' मला बरं वाटलं. तिसऱ्या वाक्याला पॅन कार्ड आलं. कंपनीने मला शंभर मेसेज पाठवले असते, तर मी ते शंभर वेळा पुसले असते, आणि हे तिला ठाऊक आहे. माझा गुडघा कुठल्या जाहिरातदाराला माहीत नाही. तो तुला माहीत आहे. ताईला कुणाचं काम अडलेलं बघवत नाही, हे तुला माहीत आहे. धाकट्या मामीला 'नाही' म्हणता येत नाही, हेही. घरात तुला लहानाचा मोठा होताना जे आपोआप कळलं, नेमकं तेच कंपनीला हवं होतं, आणि ते तू दिलंस. भाव काय पाडलास? माणशी एक पंचमांश घड्याळ.

ताईच्या बाबतीत मला विनोद सुचत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली तुझी मावशी 'पोराचं काम आहे' म्हणून चष्मा शोधायला उठली. एक रुपयात चाचणी सदस्यत्व, असं तू तिला सांगितलंस. त्या एका रुपयाबरोबर ऑटोपेची परवानगी गेली, हे सांगितलं नाहीस. मग तिच्या पेन्शनमधून दरमहा ४९९ रुपये जायला लागले. पैसे कापण्याआधी चोवीस तास सूचना दिली पाहिजे, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. सूचना आली, इंग्रजीत आली, बँकेचं काहीतरी असेल म्हणून तिने सोडून दिली. पंधरा हजारांच्या आतल्या अशा रकमेला दर वेळी ओटीपी लागत नाही, त्यामुळे कुणी तिला विचारलंही नाही. त्या सदस्यत्वात काय असतं, हे तिला आजही ठाऊक नाही. लाज वाटली पाहिजे. त्या कंपनीला वाटायला हवी, आणि तुलाही.

हे लिहून झाल्यावर तुझ्या आईकडून कळलं की घड्याळ आलंच नाही. चार जणांपुढे हिरवी खूण आली, पाचव्यापुढे 'पडताळणी सुरू आहे' असं दिसतं आणि मदत केंद्राच्या चॅटवर रोबो नमस्कार करतो. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन तू जिथे जिथे उभा राहिलास, तिथे तुला फुकट राबायला आणि ओळखी विकायलाच शिकवलं गेलं, हेही मला माहीत आहे. एका इंटर्नशिपने पगाराऐवजी प्रमाणपत्र दिलं. विम्याच्या नोकरीत पहिल्याच दिवशी ओळखीच्या पन्नास माणसांची यादी मागितली. कामाआधी तुझी माणसंच मोजली जातात. मग तूही ती मोजायला लागलास. महिनाभर तू बिनपगारी विक्रेत्याचं काम केलंस, बाळा, आणि मालकाने हातावर तुरी दिल्या. तुझ्यावर मी रागावलोय, पण फसवला गेलेला पहिला माणूस तूच आहेस.

तेव्हा रविवारी ताईकडे ये. तिच्या शेजारी बस, यूपीआय अ‍ॅपमधली ऑटोपेची यादी उघड, ते सदस्यत्व तिच्या हाताने रद्द करायला लाव आणि कापलेले पैसे तुझ्या खिशातून दे. नसतील तर माझ्याकडून उसने घे, परत करायची तारीख लिहून दे. मग चौघांनाही फोन कर आणि तुला काय मिळणार होतं ते सांग. गुडघ्याची चौकशी त्यानंतर कर. खरं उत्तर देईन.

तुझा,
मामा