नर रंबुतानाचे मालक

मुरबाडहून म्हशामार्गे नारिवलीच्या अंगाला वळलं की समोर सिद्धगड दिसतो आणि त्याच्या पाठीशी भीमाशंकरचा कडा. या रस्त्याला हल्ली जागोजागी तारेची कुंपणं लागली आहेत. कुंपणाआड डोंबिवली-ठाण्याची निवृत्त मंडळी राहतात, निदान शनिवार-रविवार तरी. कुणी गीर गाय पाळतो, कुणी पोहण्याचा हौद बांधून त्यात बेडूक पाळतो. यातलीच एक स्वतंत्र जात म्हणजे दुर्मीळ फळझाडवाले काका.

काकांना फळं फारशी आवडत नाहीत. ती दुसऱ्याकडे नसणं आवडतं.

जमीन घेतली तेव्हा तिच्यावर दोन भरलेले चिकू होते. काकांनी पहिल्याच वर्षी ते तोडले. 'चिकू काय, घोलवडला ढिगानं मिळतो.' त्या घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपण तोडले ते बरंच केलं याची काकांना खात्री पटली. मग सिमेंटचे खांब उभारून ड्रॅगन फ्रूट आलं. एक-दोन वर्षं काकांचा मुक्काम त्या खांबांपाशीच होता. पुढे २०२१ मध्ये गुजरात सरकारनं त्या फळाचं 'कमलम' असं बारसं केलं आणि लवकरच ते कल्याण स्टेशनबाहेर हातगाडीवर वाटे लावून दिसलं. काका त्या दिवशी जेवले नाहीत. वेल उपटले गेले. खांबांना दोरी बांधून काकू आता त्यावर गोधड्या वाळत घालतात. या बागेचं खात्रीचं उत्पन्न मला विचाराल तर तेवढंच.

बागेचा मानबिंदू म्हणजे रंबुतान. केरळातून आणलेल्या फळाची बी लावून काकांनी तो वाढवला. रंबुतानाला बारमाही दमट हवा लागते. इथे चार महिने आभाळ फाटल्यासारखा पाऊस आणि मग मार्चपासून असं ऊन, की पानांच्या कडा विस्तवावर धरल्यासारख्या करपतात. काकांनी हिरवी जाळी बांधली, बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं, दुपारी पानांवर पाणी फवारलं. वर्षांमागून वर्षं गेली आणि एकदाचा मोहोर आला. पेढे वाटले गेले. फळ मात्र धरेना. शेवटी कुणा जाणकारानं फुलं निरखून निकाल दिला, की झाड नर आहे. बियांपासून वाढवलेल्या रंबुतानात हे व्हायचंच. म्हणून शहाणे लोक कलम लावतात.

बागेची राखण करणारे मामा जवळच्याच पाड्यावरचे. ते म्हणाले, 'पपयीवानीच हाय की! कापून टाकू, काका?' काका झाडाच्या आडवे उभे राहिले. मादी रंबुतान केरळात हजारो आहेत म्हणे. पण अख्ख्या मुरबाड तालुक्यात नर फक्त त्यांच्याकडे. यावर काय बोलणार?

पुढचं ठाणं जाबुटिकाबाचं. हे ब्राझीलचं झाड, फळं थेट खोडाला लगडतात, काळ्या द्राक्षांसारखी. बी लावून फळ बघायचं तर आठ-दहा वर्षांची निश्चिंती. तोवर प्रत्येक पाहुण्यानं कमरेत वाकून रिकामं खोड बघायचं आणि 'वा!' म्हणायचं. दोन जानेवारीला सिद्धगडचे हुतात्मे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांच्या स्मारकाला वंदन करून परतणारी माणसंही या वाकण्यातून सुटत नाहीत; काका त्यांना रस्त्यातच गाठतात. एकदा मामांनी बांधावरचा उंबर दाखवला. बुंध्यापासून फांदीपर्यंत फळांनी लदबदलेला. 'ह्याला तर पानी बी घालावा लागत न्हाय.' काकांनी उंबराकडे बघितलंसुद्धा नाही.

हसणाऱ्यांसाठी काकांकडे उत्तर तयार असतं. काजू, पेरू, अननस, मिरची, सगळं अमेरिकेतून आलं, पोर्तुगिजांच्या जहाजांतून. तेव्हाही लोक हसलेच असतील. मुद्दा बिनतोड आहे. फक्त पोर्तुगिजांनी कुणाला भर दुपारी दोन तास बाग दाखवल्याचं ऐकिवात नाही.

एप्रिल लागला की विहीर तळाला जाते आणि काका टँकर मागवतात. शेजारच्या शहापूर तालुक्यात तानसा, वैतरणा, भातसा अशी धरणं, त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि तिथलेच पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. हा भागही त्याच पंक्तीतला. काकांचा टँकर आला की आधी पाड्यावरच्या बायांचे हंडे भरायचे, उरलेलं रंबुतानाला, अशी मामांची अट आहे. काका ती निमूट पाळतात. झाडांच्या बाबतीत एवढं ऐकून घेतलेला हा एकमेव मुद्दा.

मे महिन्यात 'मिरॅकल फ्रूट'चा सोहळा असतो. पश्चिम आफ्रिकेतलं हे झुडूप. त्याचं लालचुटुक बोंड तोंडात घोळवलं की पुढे अर्धा-पाऊण तास आंबट गोड लागतं. गेल्या खेपेला काकांनी पाहुण्यांना ओळीनं बसवलं, एकेक बोंड दिलं आणि लिंबाच्या फोडी फिरवल्या. माणसं डोळे मिटून लिंबू चोखत होती, 'अहाहा' म्हणत होती. मामांनीही चोखलं. नीट विचार केला. मग म्हणाले, 'गोड लिंबू पायजे तर मोसंबी खायाची ना!'

ओळ फुटली ती तिथेच. त्यातून मामांची बायको मुरबाडच्या बाजाराला निघालेली, डोक्यावरच्या पाटीत करवंदं आणि पांढरी तोरणं. डोंबिवलीच्या पोरांनी तोरणं कधी पाहिलीच नव्हती. 'हे काय? कुठे मिळतं? लावता येतं का?' अख्खी पाटी तिथल्या तिथे खपली. काका लिंबाचं ताट घेऊन एकटेच उभे. 'तोरणं काय,' ते म्हणाले, 'रानात ढिगानं असतात.'

पाहुण्याला मात्र रिकाम्या हातानं जाऊ देत नाहीत. प्रत्येकाला एक रोप आणि मग दर रविवारी फोन, 'कसं आहे?' घरच्या माणसाची विचारली नसेल इतकी प्रकृती. आमच्या शेजाऱ्यांना मिरॅकल फ्रूट मिळालं होतं. ते पहिल्या पावसात गेलं आणि काही महिन्यांनी त्याच कुंडीत स्वयंपाकघरातल्या कचऱ्यातून चिकूचं रोप उगवलं. शेजारी भिडस्त, त्यांनी त्याचाच फोटो पाठवून दिला. तसे दोघे एकाच कुळातले.

काकांचा फोन पाचव्या मिनिटाला. 'अहो, पान रुंद पडलंय! ही जात वेगळी दिसते. माझ्याकडेसुद्धा नाही. कुणाला देऊ नका, पुढच्या रविवारी मी कलमाला काडी न्यायला येतो.'