सूर्यापुढे काजवा

"पाऊस नाही, पाणी नाही. अंगणात छत्री कशाला उघडलीस?"

बाबांचा प्रश्न रास्त होता. मार्गशीर्षातली दुपार कलत आली होती, आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता, आणि मी ओसरीसमोर एक पांढरीशुभ्र, पलीकडचं अंधूक दिसेल इतकी पातळ छत्री उघडून उभा होतो. ती पावसात धरली तर माणूस भिजेल आणि उन्हात धरली तर भाजेल. छत्रीकडून आपण ज्या दोन अपेक्षा ठेवतो, त्यांतली एकही पुरी न करणारी ही वस्तू मी चांगले पैसे मोजून आणली होती.

"फोटोसाठी आहे," मी म्हणालो.

"अस्सं," बाबा म्हणाले. निवृत्त मुख्याध्यापकाच्या 'अस्सं'मध्ये पुष्कळ काही मावतं.

निमित्त सहस्रचंद्रदर्शनाचं होतं. एक पौर्णिमा साडेएकोणतीस दिवसांनी येते, तेव्हा हजार पौर्णिमांना ८० वर्षं आणि वर दहाएक महिने लागतात. हे गणित बाबांनी स्वतः वहीत मांडून तपासलं होतं. कार्यक्रमाला एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळायचं ठरलं होतं, जेवणात काय करायचं यावर आईचे आणि बहिणीचे दोन पक्ष पडले होते, आणि पत्रिकेसाठी बाबांचा चांगला फोटो हवा होता. पत्रिका हे आमचं कारण. बाबांचं कारण वेगळं होतं आणि ते त्यांनी चहा पिता पिता सांगून टाकलं. "आत्ताच नीट काढून ठेव. नाहीतर नंतर घाईघाईत आधार कार्डावरचा मोठा करून भिंतीवर लावाल. हार घातला तरी तो फोटो सुधारत नाही."

आई "काहीतरीच बोलणं" म्हणून आत निघून गेली. मी मात्र मनातून हादरलो, कारण पत्रिकेसाठी केलेल्या फोल्डरमध्ये खरोखरच आधार कार्डावरचाच एक फोटो होता.

तर त्यांना खुर्चीत बसवलं. पहिल्यांदा उन्हाकडे तोंड करून. घरातले जाणते लोक पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगत आलेत, की सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा. त्याने उजेड भरपूर पडतो, पण बसणाऱ्याचे डोळे बारीक होतात, कपाळाला आठ्या पडतात, आणि कुणीतरी उसने पैसे मागायला समोर उभं आहे असा चेहरा होतो. मग मी खुर्ची फिरवली. आता सूर्य बाबांच्या पाठीमागे, थोडा डावीकडे. पांढऱ्या केसांना सोनेरी कड आली, कानाची पाळी उन्हाने लालसर झाली, मागचं आभाळ निळं, आंब्याचं झाड हिरवं. सगळं देखणं. फक्त बाबांचा चेहरा काळोखात गेला.

कॅमेऱ्याला अशा वेळी एकच प्रश्न पडतो: आभाळ सांभाळू की वडील? वडील नीट दिसतील इतका उजेड आत घेतला तर मागचं आभाळ धुतलेल्या धोतरासारखं पांढरं होतं. आभाळ निळं ठेवलं तर खुर्चीत एक सन्माननीय सावली बसलेली दिसते. आपला डोळा दोन्ही एकदम बघतो, कारण त्याच्या मागे मन असतं आणि मन पुष्कळ काही सांभाळून घेतं. कॅमेऱ्याला असं सांभाळून घेता येत नाही.

इथे फ्लॅश लागतो. पण कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा नव्हे. त्या फ्लॅशने आमच्या घरातले चार आल्बम भरलेले आहेत. माझ्या मुंजीत सगळी आत्यामंडळी पिठाच्या गिरणीतून थेट आल्यासारखी पांढरी आहेत, प्रत्येकाच्या मागे भिंतीवर त्याची काळी कुळकुळीत सावली चिकटली आहे, आणि मांडवातली निम्मी माणसं लाल डोळ्यांनी बघतायत. लेन्सच्या अगदी शेजारून निघालेला उजेड डोळ्याच्या आतल्या पडद्यावर आपटून सरळ लेन्समध्येच परत येतो, म्हणून तो लाल रंग. माणसाकडे असं नाकासमोरून, एकदम झगझगीत बघू नये, हे आपल्याला एरवी कळतं. उजेड कडेने यावा, जरा वरून यावा, आणि आल्याचा गवगवा करू नये.

म्हणून फ्लॅश काढून स्टँडवर लावला, त्यापुढे छत्री. कॅमेऱ्यावर एक डबी, फ्लॅशखाली दुसरी. दोघी रेडिओवरून एकमेकींशी बोलतात. चौथ्या मिनिटाला वाऱ्याची एक झुळूक आली आणि स्टँड, छत्री, फ्लॅश असा सगळा संसार तुळशीवृंदावनापाशी आडवा झाला. स्टँडच्या पायाला पाच किलो गव्हाची पिशवी बांधली. दुसऱ्या झुळकीत गहूही आडवे झाले. तेव्हा मी घरात डोकावून शक्य तितक्या मृदू आवाजात म्हणालो, "अगं, पाच मिनिटं येतेस?"

पंचवीस वर्षांच्या संसारात बायकोला 'पाच मिनिटं' या मापाचा अंदाज आलेला आहे. हात पुसत आली, छत्री घेतली आणि बाबांच्या उजव्या बाजूला उभी राहिली.

"अहो, इथे?"

"जरा पुढे. थोडी वर. कलती कर. अगं, इतकी नाही."

"नक्की ठरवा."

दुसऱ्यासाठी उजेड धरून उभं राहायचा हा धंदा जुना आहे. वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालणारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. नवरानवरीचे चेहरे, घोड्याची झूल, बँडवाल्याचं पितळ असं सगळं त्यांच्यामुळे लखलखायचं, आणि त्यांचे स्वतःचे चेहरे मात्र बत्तीच्या बुडाशी अंधारात. त्यांचा एकही फोटो कुठल्या आल्बममध्ये नाही. फोटोवाल्यांनी तर उजेडापायी आणखी सोसलंय. १८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमची पूड पेटवून क्षणभर लख्ख उजेड पाडायची युक्ती निघाली. न्यूयॉर्कमधला बातमीदार जेकब रीस ती घेऊन गरिबांच्या अंधाऱ्या खोल्यांमध्ये शिरला आणि ज्यांच्याकडे कुणी पाहत नव्हतं त्यांना त्याने जगाला दाखवलं. या उद्योगात त्याने दोनदा घराला आग लावली आणि एकदा स्वतःलाच, अशी कबुली त्याने आत्मचरित्रात दिली आहे. त्या मानाने आमचे फक्त गहू सांडले होते.

बाबांना विज्ञानात रस, त्यामुळे बसल्या बसल्या प्रश्न सुरू झाले. "म्हणजे भर उन्हात हा एवढासा दिवा काय करणार? सूर्यापुढे काजवा!"

मला हाच प्रश्न हवा होता. म्हटलं, हिशेब बघा. लख्ख उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/२०० ठेवलं, तर अ‍ॅपर्चर साधारण एफ ११ लागतं. माझ्या फ्लॅशचा गाईड नंबर आहे ३६. त्याला अंतराने भागायचं. तीन मीटरवर उत्तर येतं १२. म्हणजे दहा फुटांवर, डोळ्याचं पातं लवायच्या आत, हा काजवा सूर्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो. छत्री लावली की बराच उजेड वाया जातो, पण मग जवळ जायचं. जवळ जाण्याचा आणखी फायदा असा, की सूर्याचा व्यास जवळजवळ चौदा लाख किलोमीटर असला तरी तो पंधरा कोटी किलोमीटरवर बसलाय. इथून तो जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो. म्हणून त्याची सावली सुरीने कापल्यासारखी. माझी छत्री मीटरभराची, पण हाताच्या अंतरावर. तुमच्या गालाला विचारलंत तर तो सांगेल की छत्री सूर्यापेक्षा मोठी आहे. म्हणून तिच्या सावल्या मऊ.

"दूरच्या मोठ्या माणसापेक्षा शेजारचा बरा," बाबा म्हणाले.

"पण शेजाऱ्याने दोन पावलं मागे सरकायचं नाही. मीटरावरून दोन मीटरांवर गेला की उजेड निम्मा नाही होत, पाव होतो."

"वर्गाच्या व्यस्त प्रमाणात," बाबांनी माझं वाक्य पुरं केलं आणि सुनेकडे बघून समाधानाने मान हलवली. तिचा हात दुखायला लागला होता.

खरी गंमत या दोन उजेडांना एकाच भांड्यात घेण्यात आहे. मी ती अशी समजून घेतली: ऊन म्हणजे नळाची धार. बादली खाली जितका वेळ ठेवाल तितकी भरेल. फ्लॅश म्हणजे वरून एकदम रिता केलेला तांब्या. त्याचं काम सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकतं. शटर जरा लवकर मिटलं तर धार कमी पडते, तांब्याला काहीच फरक पडत नाही. म्हणजे शटरने आभाळ कमीजास्त करायचं आणि फ्लॅशच्या ताकदीने वडील. दोन कान पिळायला दोन वेगळ्या खुंट्या! हे कळलं त्या दिवशी मला तंबोरा लागल्यासारखं वाटलं होतं.

मात्र तंबोऱ्याची तारही फार पिळली की तुटते. आभाळ आणखी गडद करायच्या हावेने मी शटर १/५०० वर नेलं. त्या आडव्या फोटोत बाबा छातीपर्यंत छान उजळले आणि खाली एकदम तिन्हीसांजा. एवढ्या घाईत शटरचे दोन पडदे एकामागोमाग चिंचोळी फट ठेवून धावतात. फ्लॅश पडतो तेव्हा दुसरा पडदा निघालेला असतो, आणि त्याने झाकलेल्या भागाला तांब्यातला थेंबही मिळत नाही. बाबांनी फोटो पाहिला. "अर्धाच काढायचा होता, तर अर्धाच सदरा इस्त्री केला असता."

दुसरी चूक रंगाची. कलतं ऊन केशरी असतं आणि फ्लॅश भर दुपारच्या उन्हासारखा पांढराफटक. मागे सोनेरी संध्याकाळ आणि चेहऱ्यावर मध्यान्ह असं दिसलं की डोळ्याला लगेच खोटं कळतं. त्यासाठी फ्लॅशवर फिकट नारिंगी जिलेटिन लावतात. माझं हरवलं होतं, म्हणून दिवाळीच्या आकाशकंदिलाचा उरलेला तुकडा चिकटवला. बाबांना क्लिकसरशी कावीळ झाली. त्या तुकड्याचा निम्मा भाग कापून टाकल्यावर ते बरे झाले.

तिसरी अडचण चष्म्याची होती. दोन्ही काचांत दोन पांढऱ्या छत्र्या उमटत होत्या. "जरा काढता का?" म्हटलं तर, "मला चष्म्याशिवाय कोण ओळखेल?" असं म्हणाले. बरोबरच होतं; गेली पन्नास वर्षं तो चेहऱ्याचाच भाग आहे. आता यात आपण काय करणार, म्हणून मी घाम पुसत होतो, तोवर छत्री आपोआप हातभर वर गेली, थोडी बाजूला झाली, आणि काचा स्वच्छ झाल्या.

"कॅरममध्ये सोंगटी जशी येते तशीच परत जाते ना," बायको म्हणाली. "उजेडाचं वेगळं काय असणार?"

मी काही बोललो नाही. या एका वाक्यासाठी मी दोन पुस्तकं वाचली होती.

उजेडाने गवगवा न करता कसं यावं, हे सिनेमावाल्यांनीही दाखवलं आहे. सत्यजित राय यांच्या 'अपराजितो' या चित्रपटात, १९५६ साली, छायाचित्रकार सुब्रत मित्र यांना बनारसच्या घरातलं अंगण स्टुडिओत उभं करायचं होतं. तशा अंगणात उजेड वरच्या चौकोनातून उतरतो, सगळीकडे सारखा, जवळजवळ बिनसावलीचा. मित्रांनी सेटवर पांढरं कापड ताणलं आणि दिवे पात्रांवर न रोखता त्या कापडावर रोखले. खाली उतरला तो दिव्यांचा उजेड नव्हता, आभाळाचा होता. एवढी खटपट करून साधलं काय, तर खटपट केल्याचं कुणाला कळू नये हे. आणि विचार केला तर बाबांनी हजार वेळा पाहिलेला तो चंद्र तरी काय करतो? सूर्य क्षितिजाआड असताना तो कडेला उभा राहून त्याचा उजेड आपल्याकडे वळवतो. त्यातही पडलेल्या उजेडापैकी बाराएक टक्केच परत करतो. शूटिंगवाले वापरतात ती थर्माकोलची शीट त्याहून किती उदार! तरी सहस्रचंद्रदर्शन आहे. थर्माकोलदर्शन कुणी करत नाही.

ऊन आंब्याच्या शेंड्यावर गेलं तेव्हा शेवटचे पाच-सहा फोटो निघाले. त्यातल्या एकात आई दारात येऊन "झालं का? चहा गार होतोय" म्हणाली आणि बाबांनी त्या दिशेने नुसते डोळे वळवले. हसले नाहीत, पण हसण्याच्या बेतात आले. तोच निवडला.

आठवड्याने फोटो छापून आला. बाबांनी तो खिडकीपाशी नेला, हातभर लांब धरला, मग जवळ आणला. मी त्यांच्या 'अस्सं'ची वाट बघत उभा होतो.

"चांगला आलाय," ते म्हणाले. "ऊन छान पडलं होतं त्या दिवशी."

छत्री नाही, फ्लॅश नाही, गव्हाची पिशवी नाही. सगळं श्रेय एका वाक्यात सूर्याच्या खात्यात जमा. मी आधी खट्टू झालो आणि मग लक्षात आलं, की काजव्याला याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळणं शक्य नाही.

रात्री तोच फोटो संगणकावर उघडून मी बाबांचे डोळे मोठे करत गेलो. बाहुलीत उजेडाचा ठिपका असतो. तो नसला की डोळे निर्जीव वाटतात. बराच मोठा केल्यावर त्या ठिपक्याला आकार आला. छोटी पांढरी छत्री, तिच्या काड्यासुद्धा दिसत होत्या, आणि छत्रीच्या कडेला पदर खोचून उभी असलेली एक इवलीशी काळसर आकृती. मी बायकोला हाक मारली. म्हटलं, बघ, आता बाबांच्या डोळ्यांत तू कायमची राहिलीस. वरातीतल्या गॅसबत्तीवाल्याला जे मिळालं नाही, ते तुला मिळालं.

तिने चष्मा लावला आणि पडद्याजवळ वाकून पुष्कळ वेळ पाहिलं.

"छत्री अजून चार बोटं वर हवी होती," ती म्हणाली.