खुलासा मागवावा

शिडाचे काका बोटीकडे समोरून कधी येत नाहीत. मालक हात पुढे करून “या, या” म्हणत उभा असतो, तोवर काका मागच्या बाजूने सुकाणूखाली शिरलेले असतात. बाहेर दिसतात ते फक्त पाय. खालून आवाज येतो, “रंग कधी दिला?”

“मागच्याच आठवड्यात, काका. म्हटलं, तुम्ही येणार.”

“हं.”

मालकाला वाटतं, काका खूश झाले. काकांबरोबर आधी एखादी बोट पाहिलेल्याला कळतं, पहिला शेरा पडला. विकायच्या आठवड्यात दिलेल्या रंगाला काका रंग म्हणत नाहीत, पांघरूण म्हणतात.

काका एका बँकेच्या इन्स्पेक्शन खात्यातून निवृत्त झाले. उभी हयात लोकांच्या वह्यांवर शेरे मारण्यात गेली. तरुणपणी रविवारी मुंबई बंदरात कुणाच्या ना कुणाच्या डिंगीत क्रू म्हणून बसायचे, सांगितला तो दोर ओढायचे आणि शिव्या खायचे. स्वतःची बोट काही झाली नाही. निवृत्तीनंतर खातं आणि बंदर यांचं विलीनीकरण झालं. आता मांडव्यापासून दोना पावलापर्यंत कुठेही जुनी शिडाची बोट विकायला निघाली की काकांना फोन जातो.

घेणारा बहुधा चाळिशी ओलांडलेला, ठाण्यात नाहीतर पुण्यात फ्लॅट असलेला, आणि पोहण्यापेक्षा यूट्यूब जास्त केलेला असतो. कमांडर दिलीप दोंदे ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीला फेरी मारून मे २०१० मध्ये मुंबईत परतले, तेव्हापासून मराठी मध्यमवर्गात शिडाची साथ आली, असं काकांचं निदान आहे. दोंद्यांबद्दल त्यांना नितांत आदर. “पण तो माणूस गोव्यात बोट बांधली जात असताना स्वतः तिथे उभा होता. तुम्ही फोटो बघून टोकन देता!”

खरी गंमत म्हणजे काकांना बोलावतो तो घेणारा नव्हे. बोलावते त्याची बायको. “काका, तुम्ही जाच हो यांच्याबरोबर. तुम्ही हो म्हणालात तर माझं काही म्हणणं नाही.” हे वाक्य ती अगदी निर्धास्तपणे म्हणते, कारण काका आजवर हो म्हणाल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

काकांच्या झोळीत प्लास्टिकची छोटी हातोडी असते, विजेरी, दाताच्या डॉक्टरकडचा लांब दांडीचा आरसा, कापसाचा बोळा आणि कार्बन पेपर लावलेली वही. आधी हातोडी. फायबरच्या बोटीच्या अंगावर ते वीतभर अंतराने टकटक करत जातात. आवाज टणक येतोय तोवर चेहरा मख्ख. मध्येच एका ठिकाणी ‘भद्द’ वाजलं की थांबतात, पुन्हा वाजवतात, आणि खडूने गोल करतात. तिथे फायबरचे थर एकमेकांपासून सुटले असावेत, नाहीतर आतल्या गाभ्यात पाणी मुरलं असावं. मालक म्हणतो, “तिथे आत कपाट आहे, म्हणून तसा आवाज येतो.” काका आत जाऊन बघतात. कपाट दुसऱ्या बाजूला असतं.

मग पाण्याखाली राहणारा भाग. तिथे हाताची बोटं फिरवत ते हळूहळू चाचपत जातात, आणि एखादा फोड हाताला लागला की त्यांचं वय दहा वर्षांनी उतरतं. पापडावर उठतो तसा, नखाएवढा फोड. मालकाची रीतसर परवानगी घेऊन टाचणी लावतात. चिकट थेंब बाहेर येतो. काका तो हुंगतात, घेणाऱ्यालाही हुंगायला लावतात. व्हिनेगरचा आंबूस वास! म्हणजे पाणी बाहेरच्या लेपातून आत झिरपलं आणि रेझिनमधल्या रसायनांशी मिसळून त्याचं आम्ल झालं. एका फोडाने बोट बुडत नाही, हे काकांनाही माहीत असतं. पण वहीत लिहितात, “एक फोड आढळला. बाकीचे रंगाखाली असण्याची शक्यता. खुलासा मागवावा.”

खालचं जड कील आणि बोटीचं पोट जिथे जुळतात, तिथे पुढच्या बाजूला बारीक चीर दिसते का, हे ते आडवे पडून बघतात. बोट कधी खडकावर आदळली असेल तर तिथे कळतं. “कधी घासली होती का हो?” “छे, छे!” मालक म्हणतो, आणि त्याचा पोरगा भाबडेपणाने विचारतो, “पप्पा, ते खांदेरीचं?”

आतला कार्यक्रम घेणाऱ्याला झेपत नाही. फळी उचलली की बोटीच्या तळाशी थोडं काळपट पाणी असतंच. काका त्यात करंगळी बुडवतात आणि जिभेला लावतात. खारट असेल तर समुद्र आत येतोय. अळणी असेल तर पावसाचं, नाहीतर पिण्याच्या टाकीतलं. घेणारा तोंड फिरवतो. मालक म्हणतो, “पावसाचंच असणार ते.”

“यंदा पाऊस खारट पडला का तुमच्याकडे?”

इंजिनाची किल्ली फिरवायला मालक पुढे होतो, तेवढ्यात काका इंजिनावर तळहात ठेवतात. कोमट लागलं की संपलं. डिझेल इंजिन गार असताना कसं उठतं, त्यातच त्याची खरी तब्येत कळते. काळा धूर म्हणजे इंधन पुरतं जळत नाही, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा हटतच नसेल तर पाणी आत शिरत असावं. “सकाळीच कशाला उठवलंत याला?” “म्हटलं, तुम्हाला ताटकळायला नको.” वहीत नोंद होते, “पुरावा तापवून ठेवला. खुलासा मागवावा.”

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांवरून काका कापसाचा बोळा फिरवतात. कुठे एखादा पदर तुटला असेल तर कापूस अडकतो. शिडाचं कापड सोडून ते शिवण नखाने खरवडतात, कारण उन्हाने आधी दोरा कुजतो, कापड मागाहून. दोरा नखाखाली तुटला की काका तो मालकाच्या हातावर ठेवतात. मालक फारच दुखावला आणि “काका, वीस वर्षांची बोट आहे, एवढं चालायचंच,” असं म्हणाला, की काका ठेवणीतली तोफ डागतात. “आमच्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ १८१७ मध्ये पाण्यात उतरली. अजून इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. वीस वर्षांचं काय सांगता?” त्या जहाजाच्या डागडुजीवर किती वर्षं आणि किती पैसा गेला, ते काका सांगत नाहीत. विरुद्ध बाजूचा पुरावा देणं इन्स्पेक्शन खात्याच्या रिवाजात बसत नाही.

काकांना निरुत्तर झालेलं एकदाच पाहिलं, रेवदंड्याला. काका अर्ध्या तपासणीपर्यंत आले होते. शेजारी जाळं शिवत बसलेला म्हातारा तांडेल हा सोहळा बराच वेळ बघत होता. शेवटी त्याने मान वर न करता विचारलं, “पावसात कुठं होती ही?”

मालक गप्प. काकाही गप्प. आपल्या किनाऱ्यावर बोटीचं आयुष्य त्या चार महिन्यांत ठरतं. वर ओढून, टेकू देऊन, हवा खेळेल अशी झाकली तर ती दसऱ्याला जशीच्या तशी उतरते. खाडीत नांगरावर सोडली, किंवा ताडपत्री घट्ट आवळून ठेवली, तर आतलं प्लायवूड तळाशी कुजतं, शिडांना बुरशी चढते, वायरी हिरव्या पडतात. काकांच्या वहीतली निम्मी कलमं त्या एका प्रश्नात होती. काकांनी तांडेलाला चहा पाजला, आणि तेव्हापासून वहीच्या प्रत्येक पानावर कलम पहिलं तेच असतं. खाली ‘सौजन्य: तांडेल’ असंही लिहितात. हिशेब म्हणजे हिशेब.

तपासणी संपली की मूळ प्रत घेणाऱ्याला आणि कार्बनची प्रत मालकाला. घेणारा घरी जाऊन ती बायकोला दाखवतो आणि पुढच्या महिन्यात स्वयंपाकघराचं नूतनीकरण सुरू होतं. खरा उपयोग मात्र कार्बनच्या प्रतीचा होतो. मालक दोन दिवस काकांच्या नावाने बोटं मोडतो, तिसऱ्या दिवशी कलम एकपासून दुरुस्तीला लागतो. तारा बदलतो, फोड घासून वाळवून भरतो, शिडं पुन्हा शिवून घेतो. पुढच्या हंगामात कुणी अनोळखी माणूस, काकांना न विचारता, चढ्या भावाने ती बोट घेतो आणि सुखाने फिरवतो. अशा रीतीने काकांनी नापास केलेल्या बोटी किनाऱ्यावर सर्वांत धडधाकट निघाल्या आहेत.

ही गोष्ट शेवटी मालक मंडळींच्या लक्षात आली. परवा अलिबागहून एकाचा फोन आला. “काका, गिऱ्हाईक कुणी नाही. विकायचं अजून नक्कीही नाही. तुम्ही आधी एकदा नापास करून द्या, म्हणजे काय काय करायचं ते कळेल.”

काका गेले. नेहमीसारखे वाकले, शिरले, हुंगलं, चाटलं. पण वहीतला मथळा भरताना पेच पडला. ‘घेणाऱ्याचे नाव’ हा रकाना होता, आणि रिकामा रकाना त्यांनी आयुष्यात कधी सोडला नव्हता. बराच विचार करून त्यांनी तिथे स्वतःचं नाव घातलं. फक्त नियमासाठी. मूळ प्रत त्यामुळे घरी आली.

काकूंनी ती टेबलावरून उचलली, सतरा कलमं शांतपणे वाचली, मग वरचं नाव वाचलं. चष्मा काढला आणि म्हणाल्या, “आता तुमच्याबरोबर बघायला कुणाला पाठवू?”