रेस दे की!

मुरूम गावात गाडी बंद पडली तरी एकटी पडत नाही. बॉनेट उचलायच्या आत एक माणूस येऊन उभा राहतो. खांद्यावर टॉवेल, तोंडात सुपारी, हाताला मात्र ग्रीसचा डाग नाही. गावोगावी हा असतोच. आमच्याकडं त्याला सगळे मामा म्हणतात.

मामांचं गॅरेज नाही. मामांकडं साधा पानाही नाही. तरुणपणी ते सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रकवर होते. स्टिअरिंगवर होते की क्लीनरच्या जागेवर, यावर गावात मतभेद आहेत. तो रस्ता आता ६५ नंबरचा झाला, मामा अजून ‘नऊ नंबर’च म्हणतात. येणेगूर ते नळदुर्ग कुठल्या ढाब्यासमोर कुठल्या साली कुणाचं इंजिन बसलं, हे त्यांना तोंडपाठ आहे. निदान ते त्यातूनच करतात.

त्यांचं आवडतं पेशंट म्हणजे जुनी सुमो. ही गाडी १९९४ ला आली, म्हणजे भूकंपाच्या पुढच्या साली; आमच्या भागात सालं अशीच लक्षात राहतात. सुमंत मूळगावकरांच्या नावावरून तिचं नाव पडलं, हे मामा प्रत्येक मालकाला नव्यानं सांगतात. तिसऱ्या-चौथ्या हातात आलेल्या या गाड्या अजून लग्नाची वऱ्हाडं ओढतात, गुरुवारी अक्कलकोटची वारी करतात. एप्रिलचं ऊन, आत अकरा माणसं, टपावर रुखवत. एवढं ओढून गाडी स्टँडवर येऊन उभी राहिली, इंजिन सावकाश फिरायला लागलं, की डॅशबोर्डवर तेलाच्या बुधलीचं ते लाल चित्र लुकलुकायला लागतं. ऑइलचा दाब कमी झाल्याची ती खूण.

“मामा, दिवा लागायलाय.”

“रेस दे की!”

मालक रेस देतो. दिवा जातो.

“गेला ना? मग! रेस वाढवूनच ठेव.”

खरी गंमत इथं आहे. दिवा जातो, कारण इंजिन जोरात फिरलं की पंपही जोरात फिरतो. तापून पातळ झालेलं ऑइल झिजलेल्या बेअरिंगच्या फटीतून निसटून जातं, आणि सावकाश फिरणाऱ्या पंपाला तेवढी भरपाई करता येत नाही. म्हणून गाडी उभी असतानाच दिवा दिसतो. म्हणजे मामांनी अचूक लक्षण हुडकलं आणि त्यालाच औषध समजले. आयडलिंगचा स्क्रू पिळून गावात किती गाड्या रिकाम्या उभ्या असतानाही बैलावर ओरडल्यासारख्या ओरडतात, ते स्टँडवर येऊन ऐका.

रेसनं भागलं नाही तर दुसरा उतारा: घट्ट ऑइल. १५-४० चालत असेल तर २०-५० टाक. यानं महिना-दोन महिने दिवा दबतो. थंडीत सकाळी तेच ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ लावतं आणि झीज आणखी वाढवतं, पण तोवर मामा दुसऱ्या गाडीपाशी असतात. तिसरा उतारा सांगताना ते आवाज खाली आणतात: “बल्बच काढून टाक. डोक्याला ताप नको.”

असं असूनही मामा आजवर चुकलेले नाहीत. कारण त्यांची पद्धत. ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवतात, मूठ कानाला लावतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, “बेअरिंग असंल. नायतर पंप. नायतर चेंबरमधली जाळी चोंदली असंल. नायतर रिलीफ व्हॉल्व्ह. डिझेल ऑइलमध्ये उतरायलं असंल तरी असंच होतंय. नायतर स्विचच खराब.” आता या यादीबाहेरचं काही सापडायचं म्हटलं तर इंजिनालाच डोकं लढवावं लागेल.

यादीत फक्त एक गोष्ट नसते. पट्टी काढून ऑइल आहे की नाही, हे बघणं. ते मामांना कमीपणाचं वाटतं.

परवा अशाच एका सुमोपाशी आयटीआय झालेला एक फिटर पोरगा आला. बोलला काहीच नाही. गाडी सपाटीवर घेतली, पट्टी काढली, पुसली, पुन्हा घालून बघितली. ऑइल पुरेसं होतं. बोटांवर घेऊन वास घेतला, डिझेल नव्हतं. मग प्रेशर स्विच काढला. हा स्विच अडाणीच. दाब ठरावीक रेषेच्या खाली गेला की दिवा लावायचा, किती खाली गेला ते सांगायचं नाही. आणि तोच बिघडला तर दाब चांगला असूनही दिवा लागतो. म्हणून त्या जागी पोरानं दाब मोजायचं घड्याळ बसवलं आणि इंजिन चांगलं तापू दिलं. गरम इंजिनात दर हजार फेऱ्यांमागं साधारण १० पौंड दाब असावा, असा फिटर लोकांचा ढोबळ हिशेब. काटा उभ्या गाडीला ४ वर लोळत होता. म्हणजे स्विच खरं बोलत होता.

“मीटरवाला आलाय मोठा,” मामा शेजारच्याला म्हणाले.

पोरानं चेंबर उतरवलं. जाळी स्वच्छ होती, पंपही ठीक. बेअरिंगवरचा पांढरा थर मात्र उडून खालचं तांबं दिसत होतं.

“बेअरिंग!” मामा ओरडले. “मी पयलं नाव कुणाचं घेतलं होतं, सांगा!”

घेतलं होतंच की. मालकानं मान डोलावली, गर्दीनंही डोलावली, पोरानं क्रँक ग्राइंडिंगला सोलापूरला पाठवायचा खर्च सांगितला आणि चहा मामांना मिळाला.

एक मात्र खरं, मामा पैसे घेत नाहीत. दुपारी उन्हात गाडी अडली तर छत्री धरून थांबणारा माणूस तोच असतो. तेव्हा त्यांचा अपमान करू नका. मात्र चालत्या गाडीत तो लाल दिवा लागून राहिला, तर लगेच बाजूला घ्या, किल्ली बंद करा आणि पट्टी काढून बघा. मामांना चहा नंतर पाजा. ते कुठं जात नाहीत.