शिफ्ट बुडवून कवितेला गेला म्हणे!

ऐकलंत का? सुरतेजवळच्या सचिन जीआयडीसीतल्या एका लूमखात्यातला कारागीर, दोन लेकरांचा बाप, शेठकडे उचल मागायला गेला. शेठला वाटलं, गावाकडे कुणी अंथरुणाला खिळलं असेल, नाहीतर बहिणीचं लग्न निघालं असेल. तर हा खाली मान घालून सांगतो, साहित्य संमेलनाला जायचंय, कविकट्ट्यावर नंबर लागलाय. शेठने म्हणे दोनदा "शुं?" केलं आणि मग मुनीमजीला विचारलं, हे संमेलन म्हणजे कुठल्या माताजीची जत्रा? गोष्ट खरी किती आणि तिखटमीठ किती, देव जाणे. पण स्टेशनपासून भाजीबाजारापर्यंत ती सगळ्यांना पाठ आहे आणि प्रत्येकाच्या तोंडी उचलीची रक्कम वेगळी आहे.

गुजरातेत दारूबंदी म्हणून आमच्या बायका निर्धास्त होत्या. कवितेवर बंदी घालायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आता भोगा.

उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा आणि इकडे सचिन. या पट्ट्यात फिरलात तर धुळे, जळगाव, नंदुरबारची माणसं पावलोपावली भेटतील. घरात अहिराणी, बाजारात गुजराती, खात्यात हिंदी. सुरत महापालिका मराठी शाळा चालवते, पोरं तिथे जातातही. पण पुस्तकी मराठी म्हणजे पाहुणे आले की काढायची काचेची भांडी; रोजच्या वापराला नाहीत, फुटतील म्हणून. अशा वस्तीत साहित्याचा संसर्ग व्हायचं काही कारण होतं का? गोवर झाला, कांजिण्या झाल्या, तापीचा पूर घरात आला, सगळं सोसलं. पण परिसंवाद?

या सगळ्याला अमळनेर जबाबदार आहे, असा माझा जाहीर आरोप आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरला होतं, वर्ध्याला होतं, तोवर आम्हाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. मग २०२४ च्या फेब्रुवारीत ९७ वं संमेलन अमळनेरला भरलं, प्रताप महाविद्यालयात. अध्यक्ष रवींद्र शोभणे, यजमान तिथलं मराठी वाङ्मय मंडळ. आणि अमळनेर तर तापी लाइनवर! उधन्याला गाडीत बसायचं, बारडोली, व्यारा मागे टाकायचं, नवापूरला अर्ध्या गुजरातेतल्या आणि अर्ध्या महाराष्ट्रातल्या त्या फलाटावर चहा प्यायचा, नंदुरबार, दोंडाईचा करत थेट साहित्याच्या दारात उतरायचं. माहेरची गाडी आणि साहित्याची गाडी एकच निघाली, तिथेच सगळं बिघडलं. अडवायचं तरी कुणाला? "कथा चालनी व माय?" विचारलं की उत्तर तयार, "माहेरी." परत आली तेव्हा गळ्यात संमेलनाचं ओळखपत्र.

अमळनेरला लोक आजवर कशाला जायचे? सखाराम महाराजांच्या यात्रेला. फार तर शेअरबाजारवाले विप्रोचं जन्मगाव बघायला. साने गुरुजी तिथल्या शाळेत शिकवायचे म्हणून चार भाविक हात जोडायला. साधं, सरळ गाव. तिथे एकाच वेळी दोन मांडव पडले, कारण त्याच दिवसांत विद्रोही साहित्य संमेलनही अमळनेरलाच होतं. म्हणजे एका तिकिटात दोन संमेलनं. सकाळी एका मांडवात नाश्ता, दुपारी दुसऱ्यात क्रांती, संध्याकाळी पुन्हा पहिल्यात निमंत्रितांचं कविसंमेलन. आमच्याकडचे काही महाभाग दोन्हीकडचे बिल्ले छातीला लावून आले आणि कुठला वैचारिक होता, कुठला जेवणाचा, यावर अजून घोळ चालू आहे.

तिथून ज्वर पसरला. कविकट्टा, गझलकट्टा, कथाकथन, अभिवाचन, बालमेळावा. पूर्वी कट्ट्यावर नुसतं बसत होते. आता शिफ्ट सुटल्यावर चहाच्या टपरीवर बीम संपली का, धागा तुटला का, ही विचारपूस मागे पडली. "तुला निमंत्रितांत घेतलं की कट्ट्यावर?" हा नवा प्रश्न. निमंत्रित म्हणजे वरची जात, कट्टा म्हणजे खालची. कट्ट्यावाल्याला दोन-तीन मिनिटं मिळतात. त्यातलं पहिलं मिनिट तो मान्यवरांची नावं घेण्यात घालवतो, दुसरं कवितेची पार्श्वभूमी सांगण्यात. कविता सुरू होते तेव्हा सूत्रसंचालक मागून सदरा ओढत असतो.

पण खरं कांड यापुढचं आहे, जरा जवळ या. आमच्या मागच्या गल्लीत साड्यांना टिकल्या चिकटवणाऱ्या, लेस लावणाऱ्या, धागा कापणाऱ्या बायका बसतात. त्यांतल्या एकीने कविकट्ट्याच्या अर्जात नाव काय लिहावं? माहेरचं! नवऱ्याचं आडनाव नाही, नवऱ्याचं नावही नाही. सूत्रसंचालकाने ते माइकवरून खणखणीत वाचलं आणि भावकीतल्या कुणीतरी चित्रीकरण करून सुरतेला पाठवलं. घरी पोचायच्या आत घरात बैठक. नवरा म्हणे गप्पच होता. दीर म्हणाला, राशनकार्डात एक नाव आणि कवितेत दुसरं, उद्या सरकारने विचारलं तर? आणि सासूने सगळ्यांची तोंडं बंद केली. म्हणाली, कविता माझ्यावर आहे की नाही ते आधी सांगा. होती. सासूवरच होती. तेव्हापासून सासू दारात खुर्ची टाकून बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कविता म्हणून दाखवते, मधल्या दोन ओळी गाळून.

सून जिथे शिकायला गेली, त्या लेखन कार्यशाळेवर याच सासूचा फार राग. कार्यशाळेत मॅडमनी काय शिकवलं? स्वतःच्या अनुभवातून लिहा, रोजच्या कामातली प्रतिमा शोधा, लय कानाने ओळखा. हे शिकवून वर प्रमाणपत्र दिलं, सूनबाईने ते लॅमिनेट करून गॅसच्या सिलिंडरवरच्या भिंतीला लावलं. सासू म्हणते, आम्ही जात्यावर काय शेठच्या अनुभवातून गात होतो? श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोट होतात, रात्रभर गाणी चालतात. एका गाण्यालाही कवयित्रीचं नाव नाही. कुणीतरी एकीने जोडलं, दुसरीने वाढवलं, तिसरीने सुरतेला आणलं. मानधन नाही, शाल नाही, आणि कुणी मागून पदर ओढत नाही. म्हातारीचा मुद्दा असा, की एवढी वर्षं फुकट होतं ते आता फी भरून शिकायचं. सूनबाईचा मुद्दा असा, की एवढी वर्षं गायलीस, पण एकाला तरी तुझं नाव माहीत आहे का? हे भांडण मी दोन्ही बाजूंनी ऐकलंय आणि दोन्ही वेळा मान हलवलीय. पण खासगीत सांगायचं तर, सूनबाई पुढे आहे.

कारण खानदेशातच बघा. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी. लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात आणि जात्यावर गात राहिल्या, लेक सोपानदेव स्वतः कवी म्हणून गाणी कागदावर उतरली तरी. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या. १९५२ साली गाणी पुस्तकात आली, आचार्य अत्र्यांची प्रस्तावना घेऊन. आणि त्याच १९५२ साली साहित्य संमेलन कुठे भरलं होतं? अमळनेरला! कृ. पां. कुलकर्णी अध्यक्ष. बाई एक वर्ष थांबल्या असत्या तर त्यांना तापी लाइनच्या त्या मांडवात नेऊन बसवता आलं असतं. आता खानदेशात कुठलाही मांडव पडला की पहिली कमान त्यांच्या नावाची. तेव्हा ज्या बाईला जिवंतपणी माइकवर आपलं नाव ऐकायचंय, तिने माहेरचं लावो की आजोळचं.

बरं, संमेलनात सुशील माणसंच जमतात, असा ज्यांचा समज आहे त्यांनी जुनी भानगड ऐकावी. १८८५ ला न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रंथकारांच्या सभेचं बोलावणं जोतीराव फुल्यांना धाडलं. फुल्यांनी असं पत्र उलट पाठवलं की सभा विसरली गेली, पत्र अजून वाचतात. २०१८ चं ९१ वं संमेलन आधी बुलढाण्याच्या हिवरा आश्रमाला दिलं होतं. अंधश्रद्धेवरून असा गदारोळ झाला की आश्रमाने हात जोडले आणि मांडव बडोद्याला हलला. २०२५ ला दिल्लीचं ९८ वं. अध्यक्ष तारा भवाळकर, लोकसाहित्यात जन्म घालवलेली बाई, जात्यावरच्या ओव्यांचं मोल जाणणारी. तीन दिवस इतकं काही बोललं गेलं, पण शेवटी महाराष्ट्रभर गाजल्या त्या कुणाच्यातरी बोलण्यातल्या दोन मर्सिडीज. आणि त्या दिल्लीला पुण्याहून खास आगगाडी सोडली होती, महादजी शिंदे एक्स्प्रेस, धावत्या डब्यात कविसंमेलन! विचार करा. मांडवात कवी उभा राहिला तर माणूस पान खायला बाहेर तरी जातो. धावत्या गाडीतून कुठे जाणार?

आता आमच्या जखमेकडे वळते. बडोद्याला संमेलन किती वेळा झालं? १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८, चारदा. अहमदाबादला १९५३ साली एकदा. सुरतेला? शून्य. तापीत जीव द्यावा अशी गोष्ट आहे. बडोद्याला सयाजीराव होते, वाडे होते, ग्रंथालयं होती, मराठी वाङ्मय परिषद आहे. बडोद्याची मराठी माणसं दरबाराच्या आश्रयाने आली, सुरतेची लूमच्या. संमेलनाला निमंत्रण देणारी संस्था लागते, आणि बारा-बारा तासांच्या पाळ्या करणाऱ्यांची संस्था म्हणजे भिशी. तेवढाच फरक आहे, बाकी मराठी तीच. त्यातून सुरतेत मराठ्यांची मोठी मंडळी येणार म्हटलं की इथल्या जुन्या माणसांना १६६४ आणि १६७० ची लूट आठवते, तेही समजून घेतलं पाहिजे.

पण सुरतेला साहित्याचं वावडं आहे असं म्हणू नका. कवी नर्मद इथलाच. १८५८ साली मास्तरकी सोडली आणि लेखणीवर पोट भरीन म्हणाला. घरच्यांचं काय झालं असेल? वर 'दांडियो' नावाचं पत्र काढून भल्याभल्यांची लक्तरं वेशीवर टांगली, आणि विधवेशी लग्न केलं. आज त्याच्याच नावाचं विद्यापीठ आहे, वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ. म्हणजे सुरतेत आधी बोंबाबोंब होते, मग विद्यापीठ होतं. शहरात आता सुरत लिटरेचर फेस्टिव्हलही भरतो. सूट-बूट, भाषणं, स्वाक्षऱ्या. आमच्या टिकलीवाल्या बायकांना तिथे कुणी अडवणार नाही, पण अहिराणीसाठी माइकही ठेवलेला नाही.

आणि सचिनचं म्हणाल तर नादिष्टपणा या मातीतच आहे. १७९१ साली पेशव्यांनी जंजिऱ्याच्या सिद्दीशी करार केला. जंजिऱ्यावरचा हक्क सोड, बदल्यात सचिन घे. सिद्दीने सचिन घेतलं. जंजिरा पेशव्यांना मिळाला का? कधीच नाही! या एका सौद्यावर चार परिसंवाद होतील आणि एकमत होणार नाही. मग इथे नवाबी आली, स्वतःचं नाणं, स्वतःचा बँड, त्यात आफ्रिकी वादक. पुढे नवाबाशी नाव जोडलं गेलं ते फातमा बेगम यांचं. १९२६ साली 'बुलबुल-ए-परिस्तान' काढून त्या भारतातल्या पहिल्या स्त्री-दिग्दर्शक झाल्या, आणि त्यांची लेक झुबेदा १९३१ च्या 'आलम आरा'ची नायिका. लग्न झालं होतं की नव्हतं, यावर त्या काळी सचिनमध्ये किती चहा संपला असेल! आणि आम्ही एका माहेरच्या आडनावावर तोंडात बोट घालून बसलोय.

तेव्हा गल्लीत आता ठरलंय. ९९ वं २०२६ च्या जानेवारीत साताऱ्याला झालं, विश्वास पाटील अध्यक्ष होते. शंभरावं काही आमच्या वाट्याला येत नाही, त्याला मोठमोठे टपलेले असणार. पण एकशेएकावं? १०१ हा आकडा तसाही आहेराचा. मागून बघायला काय जातं? स्वागताध्यक्ष म्हणून एका साडीवाल्या शेठचं नाव पुढे आलंय. तो सगळ्या पाहुण्यांना शाली द्यायला तयार आहे, अट एवढीच की शालीच्या काठावर दुकानाचा फोन नंबर असेल. ग्रंथदिंडी जीआयडीसीतून काढायची तर पाळी सुटायच्या वेळी काढावी, गर्दी आपोआप दिसेल, ही सूचना एकमताने मंजूर. भोजनावर मात्र दोन तट पडलेत. जानेवारीत सुरतेत येऊन माणूस पोंक आणि लिंबू-मिरीची शेव खाल्ल्याशिवाय जाता कामा नये, असं एक म्हणणं. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी नसेल तर आम्ही विद्रोही मांडव वेगळा टाकू, असं दुसरं. घारी दोघांनाही चालते.

येत्या रविवारी त्यावर बैठक आहे. कार्यक्रमपत्रिका फिरवून झाली, मी पाहिली. विषय पहिला भोजन, दुसरा मंडप, तिसरा शाली. साहित्य आयत्या वेळच्या विषयांत.