रा. रा. 'एस' यांस, मुक्काम क्रियापदाची शेपटी

लोहा, जि. नांदेड

रा. रा. एस (तृतीयपुरुषी, एकवचनी) यांस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, परवा आठवीच्या चाचणीचे पेपर तपासले. निम्म्याहून जास्त पेपरांत आपण गैरहजर. उरलेल्यांत हजर, पण भलत्याच घरी. 'आय गोज', 'दे प्लेज', 'वी ईट्स'. एका पोराने तर धोकाच पत्करला नाही. 'माय फादर्स गोज टू फार्म्स' असं लिहून त्याने कर्ता, क्रियापद आणि वावर, तिघांनाही आपल्याला जोडून टाकलं. एखाद्या ठिकाणी तरी लागेलच, हा त्याचा हिशेब. लागलाही. पण बाकीच्या दोन ठिकाणांचे मार्क मीच कापले.

आपण ज्या काळात राहता त्याला आम्ही साधा वर्तमानकाळ म्हणतो. साधा! ज्याने हे नाव ठेवलं त्याच्या विनोदबुद्धीला नमस्कार. मी, आम्ही, तू, तुम्ही, ते, ही सगळी मंडळी मूळ क्रियापदावर गुण्यागोविंदाने नांदतात. 'तो', 'ती' किंवा 'ते' एकटं आलं की मात्र आपला मानपान सुरू. प्लेला नुसता एस. गोला ईएस. क्रायच्या वायचा आधी आय करायचा, मग ईएस. उच्चार करायला जावं तर ईट्समध्ये आपण 'स', प्लेजमध्ये 'झ' आणि वॉचेसमध्ये 'इझ'. जावई आला तरी आमच्याकडे इतकी धावपळ होत नाही.

बरं, एका जागी बसाल तर शपथ. वाक्यात नकार आला की आपण टुणकन उडी मारून डूच्या मानगुटीवर. 'ही डज नॉट गो.' आपण गेलात हे पोरांच्या लक्षात येत नाही, ती 'ही डज नॉट गोज' लिहितात. कॅन किंवा विल दिसलं की आपण घरातून पसार. भूतकाळात तर आपण पाऊलच ठेवत नाही; तिथे मी काय, तो काय, सगळे सारखेच 'वेंट'. म्हणजे तीन साध्या काळांपैकी एकाच काळात आपली नोकरी, तिथल्याही एकाच खुर्चीवर, आणि तरी अख्खं कार्यालय आपल्या नावाने थरथरतं.

आपल्या बनवेगिरीचा कळस तर पुढेच आहे. आमच्या तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं लांबलांबून येतात. म्हटलं, पोरांना ओळखीचं उदाहरण द्यावं. एक घोडा पळतो: हॉर्स रन्स. पुष्कळ घोडे पळतात: हॉर्सेस रन. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, एस म्हणजे अनेक ना? मग एकटा घोडा पळताना एस कसा काय, अन् सगळे पळायलेत तर क्रियापदाचा एस गेला कुठं?" नामाला लागलात तर अनेक, क्रियापदाला लागलात तर एक. शेवटी एसटी स्टँडवरची रीत सांगून मी वेळ मारून नेली. गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची. रुमाल एकच. नामाच्या सीटवर पडला तर क्रियापदाने उभं राहायचं, क्रियापदाच्या सीटवर पडला तर नामाने. पोरांना पटलं. पण पुढच्याच तासाला फळ्यावर 'मेन' आले, 'चिल्ड्रन' आले, आणि रुमालाशिवाय बसून राहिले. माझी रीत नांदेड गाठायच्या आधीच पंक्चर.

आता माझा खरा सवाल. आपलं काम काय? 'ही' म्हटल्यावर तो एकटा आहे हे सांगून झालेलं असतं. मग मागून येऊन आपण तेच पुन्हा का सांगता? 'ही गो' म्हटलं तर नेमका कोणता अर्थ सांडतो?

आमची क्रियापदं कामाची असतात, महाराज. नुसतं 'जातेस' म्हणा: समोर कोणीतरी आहे, ती एकटी आहे, ती बाई आहे, एवढं त्या एका शब्दात आलं. कर्ता घरी ठेवून आलं तरी चालतं. भूतकाळात तर आणखी गंमत. पोरीने आंबा खाल्ला, पोरीने चिंच खाल्ली, पोरीने केळं खाल्लं. खाणारी तीच, पण क्रियापद तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही, ताटाकडे बघतं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचं व्याकरण लिहिलं. पण हे असलं सगळं लोह्यातलं तीन वर्षांचं पोरगं दादोबांचं नावही न ऐकता बिनचूक बोलतं. तेच पोरगं आठवीत आपल्या एका वळवळत्या अक्षरापाशी ठेचकाळतं आणि आम्ही शेरा मारतो: 'व्याकरण कच्चे'.

काळांचीही तीच कथा. आमच्याकडे जाणारा माणूस 'येतो' म्हणून जातो. 'आलोच' म्हणणारा घरातून निघालेलाही नसतो. कंडक्टर 'निघालीच गाडी' असा स्वच्छ भूतकाळ वापरतो, तेव्हा ड्रायव्हर टपरीवर दुसरा चहा मागवत असतो. 'थांब, मी आलोच' याचं भाषांतर एकाने 'वेट, आय केम' असं केलं. मी लाल रेघ मारली. मारताना हात जरा अडखळला, कारण त्याने मराठी अगदी बरोबर ऐकली होती.

आपला पूर्वेतिहासही मी काढला आहे. माफ करा, पण फार खानदानी निघाला नाहीत. जुन्या इंग्रजीत मी, तू, तो यांना क्रियापदाची वेगवेगळी शेपटी होती आणि अनेकवचनी मंडळींना मिळून आणखी एक. एकेक करून सगळ्या झडल्या, राहिलात आपण. तेही मूळचे उत्तरेकडचे. लंडनकडे तेव्हा क्रियापदाला 'थ'चा प्रत्यय लावायची शिष्ट रीत होती. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने कँटरबरीच्या गोष्टींत दोन उत्तरेकडचे विद्यार्थी रंगवले आणि लोकांनी हसावं म्हणून त्यांच्या तोंडी मुद्दाम आपल्याला घातलं. म्हणजे आमचं 'काय करायलास', 'कुठं जायलास' ऐकून पुण्या-मुंबईकडचे लोक गालात हसतात, तसे एके काळी लंडनवाले आपल्याला हसत होते. शेक्सपिअरच्या काळापर्यंत आपण आणि 'थ' दोघेही चालत होता. 1611च्या बायबलात तर 'थ'चंच राज्य आहे. नंतर कधीतरी आपण गादीवर बसलात आणि बसल्याबरोबर दुसऱ्यांना गावंढळ ठरवायला लागलात. नवश्रीमंतांची ही रीत आम्हाला ओळखीची आहे.

आणि इंग्लंडात तरी सगळे आपल्याला मुजरा करतात का? नॉरफोक आणि सफोक या पूर्वेकडच्या भागांत अस्सल गावची माणसं पिढ्यान्‌पिढ्या 'ही गो', 'शी गो' असंच बोलत आली. त्यांच्या बोलीला भाषेचे अभ्यासक बोली म्हणतात. तेच वाक्य लोह्यात लिहिलं की त्याला चूक म्हणतात.

आणखी एक पुरावा जोडतो. रॉजर ब्राऊन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने तीन लहान मुलांचं बोलणं टिपून ठेवून 1973 साली पुस्तक लिहिलं. इंग्रजी ज्यांची मायबोली, त्या मुलांच्या तोंडी चौदा रूपं कोणत्या क्रमाने बसतात, हे त्याने पाहिलं. सगळ्यात आधी आयएनजी. अनेकवचनाचा एस चौथा. क्रियापदावरचे आपण दहावे! आईच्या मांडीवर इंग्रजी ऐकणाऱ्या पोरालाही आपण इतक्या उशिरा सापडता. आणि आम्ही? काळ शिकवायला बसलो की पहिल्याच दिवशी फळ्यावर सूत्र लिहितो: सब्जेक्ट, प्लस व्ही वन, प्लस एस किंवा ईएस. का? तर नावातच साधा आहे ना!

आमच्याकडे आपण तसे उशिराचे पाहुणे. 17 सप्टेंबर 1948पर्यंत इथे निजामाचं राज्य होतं; आजोबांच्या पिढीने शाळेत उर्दू गिरवली. आमच्या पिढीला आपण पाचवीत भेटलात. 2000 सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली, आणि आपण दुधाचे दात पडायच्या आत पोरांच्या मागे लागलात. घरात इंग्रजी कोणी बोलत नाही, गल्लीत नाही, स्टँडवर नाही. पोराला आपण ऐकू येता ते माझ्याच तोंडून, पस्तीस मिनिटांच्या तासात, तेही पंखा फार खडखडत नसेल तर.

आता पत्र लिहायला ज्यामुळे बसलो ते सांगतो. पेपर वाटून झाल्यावर एक पोरगी टेबलापाशी आली. तिने आईबद्दल पाच ओळी लिहिल्या होत्या. आई चारला उठते, भाकरी करते, दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जाते, रात्री हिचा अभ्यास घेते, आईला वाचता येत नाही. पाचही ओळी इंग्रजीत, स्वतःच्या. 'माय मदर गेट अप अॅट फोर' इथून सुरुवात. पाच ओळींत आपण एकदाही नव्हता. मी पाच लाल गोल काढले होते.

"सर, तुम्हाला कळलं का वो, माय काय करते ते?"

"कळलं."

"मग?"

या 'मग'चं उत्तर कोणत्याही गाइडात नाही. 'कळतं, पण मार्क मिळत नाहीत' हे खरं उत्तर मला तिच्या तोंडावर देववलं नाही. वाचता न येणारी आई अभ्यास कसा घेते, हे विचारायचं सोडून मी शेपट्या मोजत बसलो होतो. शेवटी तेच विचारलं. "मी मोठ्यानं वाचते, ती समोर बसून ऐकते. थांबले की म्हणते, पुढं वाच."

तेव्हा एसराव, आपल्याला ही नोटीस समजा. बोर्डाच्या पेपरात आपली दहशत आहे, म्हणून आपल्याला शिकवणं भाग आहे आणि ते मी शिकवीन. पण यापुढे पोरगं काय सांगतंय ते मी आधी शेवटपर्यंत वाचणार. मग मागे फिरून आपल्यासाठी शिसपेन्सिलीने बारीकशी खूण करणार. लाल पेन आपल्यासाठी यापुढे मिळणार नाही. आणि त्या पाच ओळींचे कापलेले मार्क मी परत दिले आहेत. तक्रार असेल तर लोह्याला या. गाडी निघालीच आहे.

कळावे. लोभ नसला तरी चालेल.

आपला (एस न लावलेला),
एक इंग्रजीचा मास्तर

ता. क. : उत्तर लगेच मागू नका. पुढच्या पत्रात आपले भाऊबंद ईडी यांचाही समाचार घ्यायचा आहे. बसतोच लिहायला. म्हणजे आमच्या मराठीत, अजून चहासुद्धा झालेला नाही.