नाका कधी उठला?

छत्रपती संभाजीनगरात शहागंजच्या क्लॉक टॉवरपाशी कुणालाही विचारा, निजामाचं राज्य कधी संपलं? १७ सप्टेंबर १९४८. तोंडपाठ!

आता विचारा, निजामाची जकात कधी संपली?

सगळे गप्प.

करोडगिरी म्हणत तिला. १८०२ मध्ये इंग्रज कंपनीने निजामाशी करार करून दर बांधला, शेकडा पाच. मुंबईच्या गिरणीतली कापडाची गाठ मनमाडला छोट्या लाइनीच्या डब्यात चढायची. रोटेगाव येईपर्यंत ती निजामाच्या हद्दीत. गाठ तीच, दोरी तीच, भाव मात्र दुसरा.

मग तिरंगा फडकला आणि नाका उठला?

छे! संविधानाच्या कलम ३०१ ने देशभर व्यापार मोकळा केला आणि कलम ३०६ ने हैदराबादसारख्या राज्यांना जकात चालू ठेवायची मुभा दिली. एक देश, आत नाका.

पण मुभेला मुदत होती. फार तर दहा वर्षं. पाच वर्षांनी वित्त आयोगाचा अहवाल पाहून राष्ट्रपती ती आधीही संपवू शकत. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, त्याच दिवशी सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३०६ रद्द झालं.

सवलत दिली, पण लिहून आणि मोजून.

देशाच्या आतला नाका इतरत्रही बसला. ब्रिटन २०२० मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडला. पुढच्याच वर्षी लिव्हरपूलहून बेलफास्टला जाणाऱ्या मालाला कस्टमचे कागद लागू लागले. तिथेही देश एकच. हे दुखणं मराठवाड्याला नवं नाही.

त्याच ब्रिटनशी २४ जुलै २०२५ ला आपला व्यापार करार झाला. आपल्या कापडाला तिकडे शुल्कमाफी, हे चांगलंच. त्यांच्या स्कॉचवरचं शुल्क इकडे १५० टक्क्यांवरून ७५ आणि दहा वर्षांत ४०.

यावर लोकसभेत मतदान कधी झालं?

झालंच नाही. कलम २५३ नुसार करार अमलात आणायला संसद कायदा करू शकते. करार करण्याआधी तिची मंजुरी घ्या, असं मात्र कुठलंच कलम सांगत नाही. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्याने करार कामकाजाचे २१ दिवस संसदेपुढे ठेवावा लागतो. आपण एवढंही का मागू नये?

तेव्हाची दहा वर्षं संविधान सभेने मान्य केली होती. आताची दहा वर्षं कुणी?

जुना नाका निदान डोळ्यांना दिसायचा. आताचा अधिसूचनेत असतो. दुकानदाराला तो बिलात दिसण्याआधी खासदाराला संसदेत दिसला पाहिजे.